तालुक्याला एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाने ऑनलाइन काय शिकावं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस होऊन चार वर्षं झाली, तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना आहे, चाळीस किलोमीटरच्या आत दुसरा डोळ्यांचा डॉक्टर नाही. नोंदणीचं नूतनीकरण वर्षावर आलंय आणि खात्यात सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचे, ११ गुण आहेत. कॉन्फरन्सला जायचं म्हणजे दवाखान्याला कुलूप. मग ऑनलाइन सीएमईवर भागेल का, कोणते कोर्स वेळ देण्यासारखे आहेत, आणि रात्री साडेनऊचं वेबिनार लावलं की दहा मिनिटांत डोळा लागतो, त्याचं काय करायचं?

मी कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात सत्तावीस वर्षं हेच करतोय, त्यातली पहिली पंधरा अगदी तुमच्यासारखी एकट्याने. तेव्हा उत्तर लांबलं तर समजून घ्या.

गुणांचं आधी उरकून टाकू. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० गुण लागतात, म्हणजे वर्षाला सहा. तुम्हाला वर्षभरात १९ जमवायचे आहेत. अशक्य नाही, पण मार्चमध्ये पळापळ करण्यापेक्षा आज कॅलेंडर उघडा. कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का आणि किती गुणांची, हे नाव नोंदवण्याआधी बघायचं, नंतर नाही. परदेशी संस्थेचं सुंदर प्रमाणपत्र मिळालं म्हणून ते गुण तुमच्या खात्यात आपसूक येत नाहीत. ऑनलाइन कार्यक्रमांचे गुण कशाला आणि किती धरायचे, याचे नियम परिपत्रकागणिक बदलत आलेत, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या माहितीवर न जाता कौन्सिलच्या संकेतस्थळावर आपलं खातं उघडून स्वतः बघा. आणि वर्षातून एकदा तरी महाराष्ट्र नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या वार्षिक कॉन्फरन्सला दवाखाना बंद ठेवून जाच. गुण तर मिळतीलच, पण तिथे चहाच्या रांगेत ज्यांची ओळख होते, त्यांनाच पुढे रात्री अकरा वाजता फोन करता येतो.

हे झालं ताकापुरतं रामायण. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण मला वेगळी दिसते, आणि ती तुम्हीच एका ओळीत लिहून गेलाय: चाळीस किलोमीटरमध्ये दुसरा कोणी नाही. रेसिडेन्सीत, एमएस करताना, तुम्ही स्लिट लॅम्पवरून (डोळा तपासायच्या यंत्रावरून) उठलात की मागे सीनियर बसायचा, त्याच्या मागे सर. तुम्ही लिहिलेलं निदान दिवसातून दहा वेळा कोणीतरी खोडायचं. आता खोडणारं कोणी नाही. पेशंट तर खोडणार नाहीच, उलट पेढे आणून देईल. अशा वेळी चूक ही चूक राहत नाही, तिची सवय होते. त्यामुळे ऑनलाइन शिक्षणाकडून काय मागायचं, तर नवीन माहिती नंतर, आधी आपल्याला कोणीतरी खोडावं ही सोय. बहुतेक वेबिनार ती देत नाहीत, म्हणून झोप लागते. दोष तुमचा नाही.

एकदा मात्र कोणालाही झोप लागली नव्हती. मे २०२१ आठवा. कोविडमधून उठलेले मधुमेही पेशंट पापणी सुजलेली, डोळा न हलणारा, टाळूवर काळा डाग अशा अवस्थेत एकामागून एक येत होते. सबंध रेसिडेन्सीत मी म्युकरच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, दोन केस पाहिल्या होत्या, त्या महिन्यात आठवड्याला तेवढ्या दिसायला लागल्या. ऑक्युलोप्लास्टीची (पापण्या आणि डोळ्याच्या खोबणीच्या शस्त्रक्रियांची) मंडळी जवळपास रोज रात्री ऑनलाइन बसत होती: कोणाचा एमआरआय आधी करायचा, अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध डोळ्यामागे कधी द्यायचं, डोळा कधी काढावाच लागतो. जुलैमध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत २,८२६ पेशंटचा एकत्रित अहवाल आला. त्यात ७८ टक्के मधुमेही होते आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेलं होतं. हे आकडे मला अजून पाठ आहेत, कारण रात्री ऐकलेलं सकाळी नऊ वाजता समोरच्या खुर्चीत बसलेलं असायचं.

त्यावरून मी एक पद्धत धरली. टेबलावर दोनशे पानी वही असते. पेशंट उठून गेला आणि मनात किंचित जरी किंतु राहिला, तरी एक ओळ लिहायची. "मुलगी, आठ वर्षं, नंबर वर्षात पाऊणने वाढला, आई विचारते थेंब आहे का." "काचबिंदू, दाब १६, तरी फील्ड खालावतंय." महिन्याला दहा-बारा ओळी होतात. ऑनलाइन काय बघायचं हे ती वही ठरवते, वेबिनारचं रंगीत पोस्टर नाही.

त्या आठ वर्षांच्या मुलीचंच घ्या. मुलांचा मायनस नंबर हळू वाढावा म्हणून द्यायच्या अ‍ॅट्रोपिनवर सिंगापूरचा अभ्यास २०१२ चा, त्यानंतर बरीच वर्षं सगळे ०.०१ टक्क्याचा थेंब सांगत होते. २०१९ मध्ये हाँगकाँगचा लॅम्प अभ्यास आला, त्यात ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ अशा तीन मात्रा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि ०.०५ सगळ्यात सरस ठरली. आता यूट्यूबवर "मायोपिया" शोधा. वर येणारं, लाखभर लोकांनी पाहिलेलं भाषण २०१६ चं असू शकतं. बोलणारा उत्तम, स्लाइड स्वच्छ, आणि सल्ला शिळा. रेकॉर्ड केलेलं काहीही बघण्याआधी तारीख बघायची, औषधाच्या बाटलीवरची बघतो तशी.

तारखेइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे तो अभ्यास कोणत्या पेशंटवर झाला. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मधुमेहाने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या की पूर्ण लेसर करायचा, हे आपल्या पिढीला घोटून शिकवलं होतं. २०१५ च्या शेवटी प्रोटोकॉल एस हा अमेरिकी अभ्यास आला. दोन वर्षांनंतरची नजर बघितली तर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं लेसरपेक्षा कमी पडत नाहीत, आणि बाजूची नजरही जास्त टिकते. त्यावर मी ओळीने तीन-चार वेबिनार ऐकले. लेसर दुखतो, रात्रीचं दिसणं कमी होतं, हे माझे पेशंट मला रोज सांगत होतेच. मला ते पटलं आणि मी वळलो.

पुढच्या हंगामात बीडकडचा एक ऊसतोड कामगार आला, पन्नाशीचा. फडातच टोळी उतरलेली होती. दोन्ही डोळ्यांत नव्या वाहिन्या. मी इंजेक्शनं सुरू केली, दोन झाली, वाहिन्या अशा विरघळल्या की मी स्वतःवर खूश. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि टोळी गावाकडे गेली. फाइलवरचा फोन मुकादमाचा होता, तो लागेना. तो माणूस परत आला तो थेट पुढच्या नोव्हेंबरात, बायकोचा हात धरून. एका डोळ्याचा पडदा ओढला जाऊन सुटला होता, दुसऱ्यात रक्त.

प्रोटोकॉल एस खोटा होता का? मुळीच नाही. त्या अभ्यासात पहिल्या वर्षी पेशंटला दर चार आठवड्यांनी बोलावून तपासलं जात होतं. माझ्या पेशंटला कोयता सोडून दर चार आठवड्यांनी येणं शक्यच नव्हतं, आणि हे मला त्याच्याकडे बघून कळायला हवं होतं. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतूनच एक शोधनिबंध आला की उपचार सुरू असताना सहा महिन्यांहून जास्त काळ गायब झालेल्या पेशंटमध्ये, ज्यांना फक्त इंजेक्शनं दिली होती त्यांचे डोळे लेसर झालेल्यांपेक्षा वाईट निघाले. म्हणजे खुद्द तिथेही लोक गायब होतात! आता माझा पहिला प्रश्न एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) नसतो. "दिवाळीनंतर कुठे असता?" हा असतो. जो परत येण्याची खात्री नाही, त्याचा लेसर आधी पुरा करतो, मग बाकीचं.

याचा अर्थ परदेशातलं सगळं आपल्याला गैरलागू, असा घेऊ नका. इंग्लंडचा २०१९ चा लाइट अभ्यास घ्या. काचबिंदूला सुरुवातीलाच एसएलटी हा डोळ्याचा दाब उतरवणारा लेसर दिला तर तीन वर्षांनी ७४ टक्के पेशंट थेंबांशिवाय होते. हा निष्कर्ष लंडनपेक्षा आपल्या तालुक्याला जास्त लागू पडतो, कारण आपल्याकडे महिन्याची बाटली तीन महिने पुरवून वापरतात आणि विचारलं तर "रोज टाकतो की" म्हणतात. माझ्याकडे ते यंत्र नाही, मी जिल्ह्याच्या गावी पाठवतो.

आणि काही बाबतींत तर आकडेच वेगळे आहेत. अमेरिकी कोर्समध्ये तुम्ही शिकाल की १५०० ग्रॅम किंवा त्याखालच्या, अथवा ३० आठवडे किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळांचा पडदा आरओपीसाठी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठी) तपासा. परीक्षेला ते बरोबर. पण आपल्याकडे २००० ग्रॅमखालच्या आणि ३४ आठवड्यांआधीच्या बाळांना तपासायचं ठरलंय, कारण आपल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) याहून मोठी बाळंही आंधळी झाली आहेत. पहिली तपासणी चार आठवड्यांच्या आत, बाळ १२०० ग्रॅमखालचं किंवा २८ आठवड्यांआधीचं असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. तुमच्या तालुक्यात बालरोगतज्ज्ञाने काचेची पेटी ठेवली असेल तर हे दोन आकडे त्याला लिहून द्या. तो कोर्स करून तुम्ही ३० आठवड्यांवर थांबलात, तर ३२ आठवड्यांचं बाळ सुटेल.

उलट जिथे पुरावाच आपल्या मातीतला आहे, तिथे डोळे झाकून शिका. उसाच्या पात्याने किंवा कुसळाने बुबुळावर झालेला बुरशीचा अल्सर घ्या. नाटामायसिन द्यायचं की महागडं व्होरिकोनाझोल, हा वाद मुट अभ्यासाने २०१३ मध्ये मिटवला. तो दक्षिणेतल्या अरविंद नेत्ररुग्णालयांत, ३२३ पेशंटवर झाला, आणि नाटामायसिन सरस ठरलं, विशेषतः फ्युझेरियम या बुरशीच्या बाबतीत. मी त्याआधी व्होरिकोनाझोल लिहीत होतो आणि पेशंटचे पैसे घालवत होतो. केओएचची स्लाइड (बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची चाचणी) करायलाही मी ऑनलाइनच शिकलो. व्हिडिओ बघितला आणि पहिल्या दहा स्लाइड शेजारच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्या. त्यातल्या चारमध्ये मी कापसाच्या धाग्याला बुरशी म्हणत होतो. व्हिडिओने मला हे कधीच सांगितलं नसतं.

आता ठिकाणं. सायबरसाइट हे ऑर्बिस संस्थेचं, फुकट आहे, नाव नोंदवलं की कोर्स, परीक्षा, प्रमाणपत्र सगळं मिळतं. पण त्याचं खरं मोल वेगळं: आपली केस फोटोंसह पाठवून त्यांच्या तज्ज्ञाचं मत घेता येतं. खोडणारं माणूस म्हणतो ना, ते हे. इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ऑनलाइन वाचायला पैसे पडत नाहीत, आणि आपल्याकडच्या पेशंटविषयी त्याच्याइतकं दुसरीकडे मिळत नाही. लंडनहून निघणारं कम्युनिटी आय हेल्थ जर्नल साध्या भाषेत असतं, मी त्यातली पानं छापून सिस्टरना आणि ऑप्टोमेट्रिस्टना देतो. चटकन काही बघायचं तर अमेरिकन अ‍ॅकॅडमीचं आयविकी, आणि केस वाचत बसायचं तर आयोवा विद्यापीठाचं आयराउंड्स. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी डॉ. उदय देवगण यांचं कॅटरॅक्ट कोच. यातलं एकही सगळं बघायचं नाही. वही उघडायची, प्रश्न घ्यायचा, तेवढंच शोधायचं.

औषध कंपनीच्या वेबिनारबद्दल एवढंच: ऐका, मीही ऐकतो. पण व्याख्यात्याने औषधाच्या मूळ नावाऐवजी ब्रँडचं नाव घ्यायला सुरुवात केली की मी चहा करायला उठतो.

शस्त्रक्रियेचं काय? इथे ऑनलाइनची मर्यादा आधीच मान्य करा. व्हिडिओ तुमची नजर तयार करतो, निर्णय तयार करतो. हात तयार करत नाही. रेक्सिस (मोतीबिंदूच्या पिशवीला पुढून पाडायचं गोल छिद्र) कडेला पळायला लागली की ब्रायन लिटल यांची युक्ती सगळ्यांना तोंडपाठ असते: पुढे ओढत राहायचं नाही, चेंबर व्हिस्कोने (घट्ट जेलने) गच्च भरायचा, पापुद्रा उलगडून सपाट करायचा, मुळाजवळ धरून आधी उलट दिशेने आणि मग मध्याकडे ओढायचा. मी तो व्हिडिओ वीस वेळा तरी पाहिला असेल. प्रत्यक्ष प्रसंग आला तेव्हा व्हिस्को भरायचंच विसरलो. पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल.

त्यावर दोन उपाय मी करतो. पहिला, स्वतःच्या शस्त्रक्रिया रेकॉर्ड करायच्या. कॅमेऱ्यावर खर्च नको, जुना मोबाइल आणि आयपीसला लावायचा साधा अडॅप्टर पुरतो. रविवारी त्यातली सगळ्यात वाईट बघायची, चांगली नाही. माझा डावा हात काहीही कारण नसताना दर दीड मिनिटाला डोळा खाली दाबतो, हे मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मला ते मोबाइलने सांगितलं. दुसरा, बोकडाच्या डोळ्यांवर सराव, त्याबद्दल शेवटी.

आता एकटेपणावरचा उपाय. बारा वर्षांपूर्वी आम्ही पाच तालुक्यांतल्या पाच जणांनी ठरवलं की महिन्यातून एका गुरुवारी जमायचं. आधी ते फोनवर होतं, आता व्हिडिओ कॉलवर. प्रत्येकाने एक केस आणायची, आणि ती बिघडलेली असली पाहिजे. यशाची केस आणली तर पुढच्या भेटीत मिसळ त्याच्याकडून. हसण्यावारी घेतलेला नियम, पण त्यामुळेच गट टिकला. कारण यशाच्या केस दाखवायला लागलं की चौथ्या महिन्याला ती लहानशी कॉन्फरन्स होते आणि लोक गळतात. फोटोत पेशंटचा चेहरा, नाव, केसपेपरचा नंबर येऊ द्यायचा नाही, आणि पेशंटला आधी विचारायचं, एवढी शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून हवी. या गुरुवारांचे गुण मिळत नाहीत. माझ्या प्रॅक्टिसमध्ये गेल्या दहा वर्षांत जे खरोखर बदललं, त्यातलं निम्म्याहून जास्त तिथून आलं. एन्डॉफ्थॅल्मायटिस (डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग) टाळायला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या शेवटी मॉक्सिफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक आत सोडण्याचंच बघा. अरविंदचा सहा लाख शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं. तो निबंध आम्ही पाचही जणांनी वाचला होता. पण सुरुवात केली ती आमच्यातल्या एकाने स्वतःची जंतुसंसर्ग झालेली केस दाखवली त्या रात्रीनंतर.

तुम्हाला पाच जण कुठून मिळतील? बॅचमेट असतात, शेजारच्या तालुक्याचे डॉक्टर असतात. शेजारचा धंद्यातला स्पर्धक वाटतो हे मला माहीत आहे. चाळीस किलोमीटरवर कसली स्पर्धा?

झोपेचं उत्तर सोपं आहे: रात्री बघू नका. दिवसभर सत्तर पेशंट बघितल्यावर साडेनऊला कोणाचंही डोकं म्हणजे पालथा घडा. रेकॉर्डिंग मिळत असेल तर दुपारच्या जेवणानंतर वीस मिनिटं, दीडपट वेगाने, हातात पेन घेऊन बघायचं. गुणांसाठी थेट हजेरी लागणारच असेल तेवढे कार्यक्रम रात्री, ते सुद्धा उभ्याने. मी इस्त्री करत ऐकतो.

आणि ते बोकडाचे डोळे. खाटकाला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा, नाहीतर सकाळी मुंडी भाजायला गेलेली असते. आणताना डबा बर्फात ठेवायचा, पण फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की कॉर्निया दुधाळ होतो. डोळा मऊ पडलेला असेल तर मागून नर्व्हमधून सुई घालून थोडं सलाइन भरायचं, टणक होतो. टनेल (शस्त्रक्रियेची चीर) आणि टाके यांच्या सरावाला उत्तम, रेक्सिसला मात्र माणसासारखा हाताला लागत नाही. जुनी ब्लेड, जुनी सुई वापरायची; ओटीची (ऑपरेशन थिएटरची) उपकरणं मात्र चुकूनही नाहीत, त्यासाठी वेगळा संच ठेवा. रविवारी सकाळी सहा डोळे पुरतात. आमच्या घरी त्या दिवशी कोणी मटण खात नाही.